मरोळची शेवटची बोलणारी बाई

मॉनिका क्रास्टो ही आपली बोली बोलणारी जगातली शेवटची व्यक्ती आहे, असं आमच्या मंडळाने १९८४ साली एकमताने ठरवलं. तेव्हा मरोळ गावठाणात ती बोली बोलणारी निदान चारशे माणसं होती आणि त्यांतली निम्मी रोज मॉनिकाबाईंच्या ओटीसमोरून जात-येत होती. त्या ठरावाला अनुमोदन मी दिलं होतं. त्यामुळे ही हकिगत दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मी सीताराम. मरोळच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि राहायचो घाटकोपरला. मंडळाचं नाव होतं ‘उपनगर बोली जतन व पुनरुज्जीवन मंडळ’. नाव लांब होतं, सभासद नऊ होते. अध्यक्ष डॉ. अंबादास टाकळकर. आयुष्यभर कॉलेजात भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गोरेपान, सडसडीत. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं व्याकरण ऐकायचे. काय बोलतोय ते नंतर विचारायचे. अंधेरी पश्चिमेला त्यांच्या ब्लॉकच्या गॅलरीत रविवारी सकाळी आमची बैठक भरायची. पोहे उत्तम असत.

मंडळाला अनुदान हवं होतं आणि अनुदान हवं तर एखादी मरणासन्न बोली हवी होती. कुणाच्याच ओळखीत अशी बोली नव्हती. मी म्हणालो, “आमच्या शाळेमागे गावठाण आहे. तिथले ख्रिश्चन लोक आपसात वेगळंच मराठी बोलतात. मी ज्यांच्याकडून मसाला घेतो त्या बाई तर फार छान बोलतात.”

“किती लोक बोलतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळेच.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. “सगळेच बोलत असतील तर ती मरणासन्न कशी?”

तरी प्रत्यक्ष पाहणी करायची ठरली. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही चौघे मरोळला पोहोचलो. गावठाणात चिटपाखरू नव्हतं. दारांना कुलपं, ओट्या रिकाम्या. एक कुत्रा आणि मॉनिकाबाई, एवढीच वस्ती. मॉनिकाबाईंचा पाय मुरगळला होता म्हणून त्या घरी होत्या. बाकी सगळं गाव मिसाला गेलं होतं. रविवारी सकाळी ख्रिश्चन माणसं चर्चला जातात, हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतिवृत्तात डॉक्टरांनी लिहिलं, ‘वस्ती जवळपास निर्मनुष्य. एकच वृद्ध भाषिका आढळली.’

मॉनिकाबाई तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. वृद्ध म्हटल्याचं त्यांना कळलं असतं तर मंडळ तिथेच संपलं असतं.

बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, घोटीव दंडाच्या. वर्षभर फुलाफुलांचा फ्रॉक घालायच्या आणि एप्रिल-मे आला की त्यावर जुनी चादर गुंडाळून मसाला कांडायला बसायच्या. तीन बायका, लाकडी उखळ आणि उंच मुसळं. कांडताना हात थांबत नसे, तोंडही थांबत नसे. तो मसाला बाटल्यांत ठासून भरायचा. अंधेरीपासून वांद्र्यापर्यंत त्यांची गिऱ्हाइकं होती. नवरा कॉस्मस पूर्वी भातशेती करायचा. औद्योगिक वसाहत झाली, शेत गेलं. त्या शेतावर औषधांचा कारखाना उभा राहिला आणि कॉस्मसला त्याच कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली. आपल्याच शेताची राखण करायला आपल्याला टोपी आणि शिट्टी मिळाली, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

दुसऱ्या खेपेला आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन गेलो, तेही शनिवारी दुपारी. ‘डॉक्टर’ आलेत म्हटल्यावर शेजारची एक म्हातारी लगेच ओटीवर चढली आणि फ्रॉक वर करून तिने डॉक्टरांना सुजलेला गुडघा दाखवला. डॉक्टर मागे सरकले. “मी त्यातला डॉक्टर नाही हो!”

“मंग कन्च्यातला?” म्हातारीने विचारलं.

“भाषेचा.”

म्हातारीने मॉनिकाबाईंकडे पाहिलं. “भाशेला काय जालंय गो?”

“मना काय म्हायती,” मॉनिकाबाई म्हणाल्या. “ते बोलतात, मरतं हाय.”

पण टेपरेकॉर्डर सुरू झाला आणि मॉनिकाबाईंची बोली बंद पडली. मोठी माणसं घरी आली म्हणून त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “प्लीज सिट. यू विल टेक टी?” डॉक्टर हवालदिल झाले. मी खुणा केल्या तेव्हा बाई इंग्रजीवरून पुस्तकी मराठीवर आल्या आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलू लागल्या. शेवटी डॉक्टर थकून चहा पिऊ लागले. बाई आत गेल्या आणि आतून मुलीवर ओरडल्या, “ए पाट्रिश, ते दूद उतू चाललंय, तुजं ध्यान कुटं हाय गो? इकरं ये!” मंडळाच्या संग्रहातला तो पहिला अस्सल नमुना. दूध उतू गेल्याचा वासच काय तो टेपवर आला नाही.

पाट्रिश म्हणजे पेट्रिशिया, मॉनिकाबाईंची एकुलती एक मुलगी. सीप्झच्या निर्यात वसाहतीतल्या एका कंपनीत टायपिस्ट. खांद्यापर्यंत केस, टकटक सँडल. आईच्या बोलीची तिला भयंकर लाज. “ममी, प्लीज,” ती दातांत म्हणायची, “माझ्या फ्रेंड्ससमोर ते असलं बोलू नको.” आता त्या ‘असल्या’ बोलीसाठी चार सुशिक्षित माणसं टेप घेऊन दारात बसलेली पाहून ती चक्रावली होती.

मग शब्द गोळा करायचं काम सुरू झालं. डॉक्टर विचारायचे, बाई सांगायच्या, मी कार्डावर लिहायचो. इथे खरी अडचण आली. बाईंचे निम्मे शब्द आपल्यासारखेच निघायचे. फक्त ळचा ल, णचा न आणि डचा र. डॉक्टरांना त्यात रस नव्हता. त्यांना वेगळे शब्द हवे होते. बाईंनी वेगळे सांगितले, खिडकीला जनेल, स्वयंपाकघराला कुझिन, वेदीला आल्तार, तर डॉक्टरांनी तेही खोडले.

“ही पोर्तुगीज भेसळ. ही आपल्याला नको. मूळ शुद्ध शब्द सांगा.”

बाईंनी जनेलाकडे पाहिलं. “माजी आज्जी पन जनेलच बोलायची. जनेल सोरून काय बोलू? खिरकी? ती तं तुमची.”

“आठवून पाहा. घाई नाही,” असं म्हणून डॉक्टरांनी खिशात कपाटाची चावी आहे ना ते चाचपून पाहिलं, कार्डांचा गठ्ठा मोजून पिशवीत ठेवला आणि जाताना बटाटेवडे खाल्ले. चावी आणि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेत हे मला माहीत होतं. पण अध्यक्षांना दुरुस्त करायची मंडळात पद्धत नव्हती.

त्याच सुमारास कॉस्मसचीही एक मुलाखत झाली. डॉक्टरांनी कारखान्याकडे बोट करून विचारलं, “याला तुमच्यात काय म्हणतात?”

कॉस्मसने त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाला, “चिंचबांद.”

ते त्याच्या शेताचं नाव होतं. बांधावर चिंच होती म्हणून चिंचबांद. ते मला महिन्याने कळलं, तोवर कार्ड छापखान्यात गेलं होतं. मंडळाच्या शब्दसंग्रहात आजही पान एकोणिसावर वाचायला मिळतं: ‘चिंचबांद (पु.) – कारखाना, विशेषतः औषधांचा.’

कॉस्मसला मी ते पान दाखवलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. “बरं जालं,” म्हणाला. “कुटंतरी लिवलेलं तरी राह्यलं.” मग सांगितलं की भाताच्या सात जातींची नावं त्याला येत होती, आता चारच आठवतात. “शेत गेलं ना मास्तर, मंग नाव कोनाला हाक मारायला वापरू?”

मी ती चार नावं कार्डावर लिहून डॉक्टरांना दिली. त्यांनी ती ‘शेतीविषयक, नंतर पाहू’ अशा पाकिटात घातली. ते पाकीट कुणी कधी पाहिलं नाही.

एकदा मॉनिकाबाईंनी मला एकट्याला गाठलं. मी मसाला न्यायला गेलो होतो. त्यांनी बाटली कागदात गुंडाळली आणि विचारलं, “मास्तर, तू घरा काय बोलतं?”

“मराठी.”

“आयशीसंगं?”

माझी आई मालवणची. घाटकोपरच्या चाळीत दारात पाऊल टाकलं की “खय गेल्लंस रे इतको वेळ?” असं विचारायची आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मालवणीचा एक शब्द मी मंडळात कधी उच्चारला नव्हता.

“मालवणी,” मी म्हणालो.

“मंग ती कोन जतन करतं?” बाईंनी विचारलं. चिडून नाही, चौकशी म्हणून. आणि आत निघून गेल्या.

त्यांना मंडळाकडून एकच गोष्ट हवी होती. मे महिन्यात गावच्या क्रुसासमोर संध्याकाळी प्रार्थना होते. ती पूर्वी त्यांच्या बोलीत व्हायची. पोरं इंग्रजी शाळेत गेली, त्यांना जुने शब्द येईनात, म्हणून गावकीनेच काही वर्षांपूर्वी प्रार्थना इंग्रजीत करून टाकली. मॉनिकाबाईंचं म्हणणं एवढंच की मंडळाचे कागद छापखान्यात जातातच, तर त्या प्रार्थनाही मोठ्या अक्षरांत छापून द्या. पोरांच्या हातात कागद असला की म्हणतील.

डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, आपला काहीतरी गैरसमज होतोय. मंडळाचं काम बोली जतन करण्याचं आहे. ती लोकांना बोलायला लावण्याचं नाही.”

“पन बोलली नय तं राह्यल कशी?”

“टेपवर,” डॉक्टर म्हणाले.

जानेवारी १९८६ मध्ये अंधेरीच्या एका सभागृहात मंडळाने जाहीर सत्कार ठेवला. पत्रिकेवर छापलं होतं: ‘लयास चाललेल्या बोलीची अंतिम भाषिका श्रीमती मॉनिका क्रास्टो यांचा हृद्य गौरव.’ मंत्रालयातून एक उपसचिव पाहुणे म्हणून यायचे होते. अनुदानाचा कागद त्यांच्या टेबलावर होता. डॉक्टरांनी भाषण स्वतः लिहिलं, मॉनिकाबाईंच्या बोलीत, आणि त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचं काम मला दिलं. पहिलं वाक्य होतं, ‘रसिकांनू, माज्या भाशेच्या पुनरुज्जीवनार्थ तुमी जमलाव यान मी उपकृत हाय.’ बाईंनी ते तीनदा वाचलं आणि मला विचारलं, “मास्तर, ही कन्च्या गावची भाशा?”

पेहेरावाचाही प्रश्न होता. फ्रॉक चालणार नव्हता. डॉक्टरांना लुगडं हवं होतं. मॉनिकाबाईंकडे सासूचं एक लाल चौकड्यांचं लुगडं होतं, ते लग्नकार्यालाच पेटीबाहेर यायचं. ते नेसायचं कसं हे बाई विसरल्या होत्या. गुडघ्यावाली म्हातारी नेसवायला आली. पेट्रिशिया दारात उभी राहून पाहत होती. “फॅन्सी ड्रेस आहे का, ममी?”

सत्काराला गावठाणातली माणसंही आली. कारखान्याचा एक टेम्पो रिकामा जात होता, त्यात चाळीस माणसं बसून आली. मॉनिकाचा फोटो पेपरात येणार, ही बातमी पसरली होती आणि नंतर फराळ आहे ही त्याहून वेगाने. चाळीसही जण सभागृहात शिरले आणि बोलायला लागले. पंखा लाव, ती खुर्ची इकरं सरकव, फादरला पुरं बसव, आगो तुजा पोरगा कुटं परला? सभागृह दुमदुमलं. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकावरून विनंती केली, “कृपया शांतता राखावी. आपण इथे एका मरणाऱ्या बोलीला वंदन करायला जमलो आहोत.”

उपसचिव मागे वळून वळून पाहत होते. डॉक्टर त्यांच्या कानाशी लागून काहीतरी समजावत होते.

शाल आली, नारळ आला. मानपत्र वाचलं गेलं. त्यातला एक शब्द मॉनिकाबाईंना कळला असेल तर तो त्यांचं स्वतःचं नाव. मग त्या भाषणाला उभ्या राहिल्या. ‘रसिकांनू’ म्हणाल्या. ‘पुनरु’पर्यंत आल्या, अडल्या, परत मागे गेल्या, परत अडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक खणखणीत बायकी आवाज आला.

“मॉनिका, तू शेवटची तं मंग आमी काय मेलाव का गो?”

मॉनिकाबाईंनी कागद टेबलावर ठेवला.

“तू कशी मरशील?” त्या ध्वनिक्षेपकात म्हणाल्या. “बायेर वरं ठेवलंत ना, ते खाल्ल्याबिगर तू मरायची नय!”

चाळीस माणसं हसायला लागली ती थांबेनात. उपसचिवही हसले. मग बाईंनी बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटं बोलल्या. कांडताना बोलायच्या तशाच. डॉक्टर चांगले आहेत म्हणाल्या, लांबून येतात, चहात साखर घेत नाहीत. पण ते येतात तेव्हा आम्हाला विचारतात, तुमचं काय मेलं? हे मेलं का, ते मेलं का? कुणाच्या घरी जाऊन असं विचारतात का? आम्हाला फक्त मे महिन्यातल्या प्रार्थनेचे कागद हवेत. एवढं बोलून त्या बसल्या. टाळ्या पडल्या, म्हातारीने पुढे येऊन त्यांच्या लुगड्याचा सुटलेला पदर खोचला आणि सगळे वड्यांकडे गेले.

पंधरा दिवसांनी मंत्रालयातून उत्तर आलं. ‘सदर बोली समक्ष पाहणीत सुदृढ आढळल्याने अनुदानाचा विचार करता येत नाही.’ रविवारच्या बैठकीत पोह्यांत दाणे नव्हते.

पण डॉक्टर खचणारे नव्हते. वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलं, ‘मंडळाने कार्य हाती घेतले तेव्हा या बोलीची एकच भाषिका हयात होती. अवघ्या दोन वर्षांत ही संख्या एक्केचाळीसवर गेली आहे. पुनरुज्जीवनाचे असे उदाहरण देशात दुसरे नसावे.’ त्या अहवालालाही अनुमोदन मीच दिलं. खोटं काय होतं त्यात? आकडे बरोबर होते. मंडळाने मग माहुलकडे मोर्चा वळवला. तिथे तेलाच्या टाक्यांच्या शेजारी कोळीवाडा होता आणि तिथली बोली नक्की मरत असणार, असं डॉक्टरांना वासावरूनच वाटलं होतं.

मी माहुलला गेलो नाही. आईची तब्येत बरी नाही असं कारण दिलं. आई ठणठणीत होती. तिच्याशी मी मालवणी बोलायला लागलो होतो आणि माझ्या चुका ऐकून ती शेजारणींना बोलावून हसायची.

मॉनिकाबाईंच्या प्रार्थनांचं काय झालं, ते मला पेट्रिशियामुळे कळलं. ती एक दिवस शाळेत आली. सोबत टाइप केलेले कागद, इंग्रजी अक्षरांत, पण आत शब्द आईचे. ऑफिसच्या टाइपरायटरवर डबा खायच्या सुट्टीत काढले होते. “सर, जरा चेक करा ना,” म्हणाली. “पोरांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून असं केलं.”

मी आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि कारण सांगितलं. कारण गोराईचा होता, नाव फ्रेडी. कंपनीतच मेकॅनिक. लग्न ठरत आलं होतं. फ्रेडीला आई-बाप नव्हते, आजीने वाढवलेला. आणि त्या आजीला बोलीखेरीज काही येत नव्हतं. पहिल्या भेटीला पेट्रिशिया होडीने खाडी ओलांडून गोराईला गेली, छान साडी नेसून, आणि आजीसमोर तासभर मुकी बसली. ती निघाल्यावर आजी फ्रेडीला म्हणाली, “पोरगी चांगली हाय. पन बोलता येत नय बिचारीला. दवाखान्यात दाखव.”

तेव्हापासून पेट्रिशिया रोज संध्याकाळी आईपुढे बसत होती. मॉनिकाबाई तिला शिकवायच्या आणि शिकवताना उखळापेक्षा जोरात ओरडायच्या. मे महिन्यात क्रुसासमोर कागद वाटले गेले. पोरांनी प्रार्थना वाचली, अर्धी चुकीची, पण मोठ्याने.

लग्न फेब्रुवारी १९८७ मध्ये गोराईला झालं. मी गेलो होतो. फुगे, सॅलड, बँड, सगळं होतं आणि बायका जुनी गाणी म्हणत होत्या. लग्नाच्या तयारीसाठी महिनाभर गोराईला ये-जा केलेली पेट्रिशिया आजीच्या पायाशी बसून भराभर बोलत होती. आजी खूश होती.

मॉनिकाबाई मात्र एका बाजूला तोंड फुगवून बसल्या होत्या. मी जवळ गेलो. मला वाटलं मुलगी जाणार म्हणून वाईट वाटत असेल.

“आयकलंस, मास्तर?” त्या म्हणाल्या. “आयकलंस ती कशी बोलतं? येक वरीस मी शिकवलं, आनि इकरच्यांनी म्हैन्याभरात वाट लावली. गोराईची मानसं शुद्द बोलतच नय रं. सगली भेसल!”